वर्ड मंदावला असतां दोष कसा शोधावा

संगणकावर निबंध लिहितांना विद्यार्थ्यांस एक अनुभव पुष्कळदां येतो. कळफलकावर बोटें चालत असतात, परंतु अक्षरें पडद्यावर कांहीं वेळानें उमटतात. आंतील पंखा घोंघावूं लागतो आणि लॅपटॉप असल्यास तो तळाशीं चांगलाच तापतो. अशा वेळीं बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर यंत्र जुनें झालें असें म्हणून नव्याची मागणी करतात, नाहीं तर त्यावर शेवटीं कोण बसलें होतें याची चौकशी करतात. यांपैकीं दुसरी चूक आमच्या हातून घडली आहे. ती प्रथम सांगून मग दोष शोधण्याची रीत सांगावी, असा आमचा विचार आहे.

गेल्या वर्षीं याच वार्षिकाच्या मराठी विभागाचे लेख आम्ही शाळेच्या संगणकावर वर्ड या प्रोग्राममध्यें उतरवीत होतों. मजकूर छापखान्यांत देण्यास दोनच दिवस उरले असतां काम पुढें सरकेना. आदल्या दिवशीं इयत्ता नववीचा एक विद्यार्थी त्या यंत्रावर बसला होता. एवढ्याच आधारावर आम्हीं सर्व वर्गासमक्ष त्याला विचारलें, "कोणता खेळ घातलास रे त्यांत ?" "कांहीं नाहीं, सर," इतकेंच तो म्हणाला आणि मान खालीं घालून बसला. आम्हांस त्याचें म्हणणें खरें वाटलें नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. संगणकांतील सर्व आकडेमोड आणि आज्ञापालन जो भाग करतो त्यास प्रोसेसर म्हणतात. इंटेल कंपनीनें १९७१ सालीं ४००४ या नांवाचा प्रोसेसर बाजारांत आणला, त्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या प्रोसेसरांत ते अब्जावधी असतात. एवढें सामर्थ्य असतां चार पानांचा निबंध त्यास जड कां व्हावा ? कारण असें कीं, वर्ड केवळ अक्षरें उमटवीत नाहीं. आपण एक शब्द लिहितों तेवढ्यांत तो शुद्धलेखन तपासतो, व्याकरण पाहतो, पानें पुन्हा मोजतो आणि चित्रांची जागा ठरवितो. शिवाय त्याला जोडलेले लहान प्रोग्राम, ज्यांस अॅड-इन म्हणतात, तेही आपापलें काम करीत असतात. यांपैकीं एखादें काम संपेनासें झालें म्हणजे प्रोसेसर अखंड राबतो आणि आपलीं अक्षरें खोळंबतात.

दोष शोधण्यापूर्वीं तो खरोखर वर्डमध्येंच आहे कीं नाहीं, हें पाहावें. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील सीपीयू या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारली कीं प्रोग्राम त्यांच्या भाराप्रमाणें क्रमानें लागतात. मग कळफलकावरून हात काढून दोन-तीन मिनिटें थांबावें. स्वस्थ बसलेल्या वर्डचा आंकडा शून्याच्या आसपास यावयास पाहिजे. तो उतरतच नसेल तर दोष आहे असें समजावें. येथें एक फसगत होते. प्रोसेसरांत चार कोर असून एकच पूर्णपणें गुंतला असेल, तर रकान्यांत सुमारें २५ टक्केच दिसतात. तेव्हां लहान आंकडा पाहून निर्धास्त होऊं नये.

यापुढील पायऱ्या क्रमानें घ्याव्यात :

(१) चालू लेख बंद करून नवी कोरी फाइल उघडावी. कोऱ्या फाइलींत वर्ड शांत राहिला तर दोष त्या लेखांत आहे. कोरी फाइलही जड झाली तर दोष वर्डमध्यें किंवा त्याच्या अॅड-इनमध्यें शोधावा.

(२) दोष लेखांत असल्यास प्रथम त्याची एक प्रत वेगळी ठेवावी. मोबाइलनें काढलेलीं मोठीं छायाचित्रें जशींच्या तशीं घातलीं असतील, तर कॉम्प्रेस पिक्चर्स या सोयीनें तीं हलकीं करावींत. तरीही फरक न पडल्यास फाइल बिघडली असण्याचा संभव आहे. कंट्रोल व एंड दाबून शेवटीं जावें, नंतर कंट्रोल, शिफ्ट व होम दाबावें. अशानें शेवटचें परिच्छेदचिन्ह सोडून बाकीचा मजकूर निवडला जातो. तो नव्या फाइलींत उतरवावा. पुष्कळदां बिघाड त्या शेवटच्या चिन्हाबरोबर मागें राहतो.

(३) दोष प्रोग्राममध्यें असल्यास कंट्रोलची कळ दाबून धरून वर्ड उघडावा. सेफ मोडमध्यें उघडावयाचें काय, असा प्रश्न येतो, त्यास होकार द्यावा. या रीतीनें वर्ड अॅड-इनवांचून उघडतो. आतां तो हलका चालला तर संशय अॅड-इनवर येतो.

(४) वर्ड नेहमींप्रमाणें उघडून फाइल, ऑप्शन्स, अॅड-इन्स या मार्गानें जावें. खालीं कॉम अॅड-इन्स निवडून गो दाबलें कीं यादी दिसते. त्यांतील निम्म्यांच्या खुणा काढाव्यात आणि वर्ड पुन्हा उघडून पाहावें. आठांत एकच सदोष असेल, तर दर खेपेस निम्मे वगळीत गेल्यानें तीनच प्रयोगांत तो सांपडतो.

(५) अॅड-इन निर्दोष ठरल्यास प्रूफिंगमधील लिहितांलिहितां होणारी शुद्धलेखन व व्याकरण-तपासणी थोडा वेळ बंद करून पाहावी.

या सर्वांत एक नियम कटाक्षानें पाळावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडला तें कागदावर टिपून ठेवावें. एकदम पांच गोष्टी बदलल्या आणि यंत्र सुधारलें, तर कशानें सुधारलें हें कळत नाहीं. बिघाड पुन्हा आला म्हणजे आपण पुन्हा पहिल्याच पायरीवर असतों.

ही रीत आम्हांस त्या वेळीं सुचली नव्हती. शाळा सुटल्यावर तोच विद्यार्थी भीत भीत आमच्याकडे आला. "सर, कालही वर्ड मंदच होता. मीं भीतीनें सांगितलें नाहीं. पण बाकीचे प्रोग्राम नीट चालतात. खेळ असता तर वर्ड बंद असतांनाही यंत्र जड झालें असतें ना ?" त्याचें बोलणें ऐकून आम्ही निरुत्तर झालों. मग दोघांनीं मिळून वर सांगितलेले प्रयोग केले. कोरी फाइलही जड झाली, सेफ मोडमध्यें मात्र वर्ड झरझर चालला. यादींत आठ अॅड-इन होते. तिसऱ्या प्रयोगांत अपराधी सांपडला. फाइलींचें रूपांतर करण्याकरितां चार दिवसांपूर्वीं आम्हींच तो बसविला होता !

दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गासमक्ष आम्हीं आपली चूक कबूल केली व त्या मुलाची क्षमा मागितली. लेख वेळेवर छापखान्यांत गेले.

असो. पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलगा किंवा मुलगी संगणक मंद झाल्याची तक्रार करील तेव्हां नवें यंत्र घेण्यापूर्वीं अर्धा तास त्यांच्याजवळ बसून हे प्रयोग करावे. कधीं यंत्र खरोखरच अपुरें असेल, परंतु तेंही तपासाअंतींच ठरावें. आणि विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : बिघाड दिसतांच तो सांगावा, भिऊन गप्प बसूं नये. तो ऐकून घेण्याची जबाबदारी आम्हां शिक्षकांची आहे.