सह्याद्रीचा सायकस

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या गावात शाळेच्या वा कचेरीच्या आवारात सायकस दिसलाच, तर तो बहुधा मूळचा जपानकडील असतो. आपल्या देशाचा सायकस पश्चिम घाटात आहे. केरळपासून दक्षिण महाराष्ट्रापर्यंत आढळणाऱ्या या जातीस लिनीअसने १७५३ साली ‘सायकस सर्सिनॅलिस’ हे नाव दिले.

दिसायला ताडासारखा असला तरी हा ताड नव्हे; तो प्रकटबीज वृक्ष आहे. वाढ अतिशय मंद, आणि नर व मादी झाडे निरनिराळी. त्याच्या संकटाचे मूळ येथेच आहे. जंगल तोडून मळे व रस्ते झाले की उरलेली झाडे विखुरतात, आणि नराचे पराग मादीपर्यंत पोचणे कठीण होते. त्यातच सजावटीसाठी पाने व औषधी व्यापारासाठी नरशंकू तोडले जातात. शंकू गेलेला नरवृक्ष त्या हंगामापुरता असून नसल्यासारखाच! साइट्स करार आंतरराष्ट्रीय व्यापारापुरता आहे. गावच्या बाजारास तो लागू नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात. घाटातील समित्यांनी नोंदवहीत या वृक्षांची केवळ संख्या न देता नर किती, मादी किती, हेही लिहावे. शाळेस रोप हवे असल्यास ते रोपवाटिकेत बियांपासून वाढविलेलेच घ्यावे. मात्र कच्चे बी विषारी असते, हे मुलांना आधी सांगावे.