काळ्या डोळ्यांची सुझान आणि अड्याळचा दिवस

बागेची हौस असणाऱ्याच्या हाती कधी ना कधी रंगीत चित्राचे बियाण्याचे पाकीट येतेच. चित्रात पिवळ्याधमक पाकळ्या आणि मधोमध काळपट तपकिरी घुमट. त्याखाली ‘ब्लॅक आयड सुझान’ हे नाव आणि पाठीमागे तीन ओळींचा उपदेश : भरपूर ऊन द्या, निचऱ्याची जमीन निवडा, तीन-चार महिन्यांत फुले घ्या. यांपैकी पहिली गोष्ट अड्याळात मुबलक आहे, दुसरी थोड्या कष्टाने साधते; तिसरी मात्र साधणे कठीण. हिवाळ्याच्या तोंडी लावलेले रोप जमिनीलगत पानांचा झुबका धरून बसते. खत घाला, पाणी घाला, फुलाचा दांडा काही वर येत नाही. मग दोष मातीला दिला जातो, नाही तर बियाणे विकणाऱ्याला, नाही तर लावणाराच्या ‘हाताला’. प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे ते एवढेच, की अपराध यांपैकी कोणाचाही नाही. प्रश्न दिवसाच्या लांबीचा आहे.

प्रथम या बाईंची ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव रुडबेकिया हिर्टा. स्वीडनमधील उप्साला येथील रुडबेक पितापुत्रांच्या स्मरणार्थ लिनियसने ‘रुडबेकिया’ हे नाव ठेवले. ‘हिर्टा’ म्हणजे केसाळ. पानावरून बोट फिरवले की या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सुझान हे नाव जॉन गे या इंग्रज कवीच्या १७२० मधील एका लोकप्रिय गीतातल्या नायिकेवरून पडले असे सांगतात. वनस्पती मात्र मूळची उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील. मेरीलँड राज्याने १९१८ साली तिला राज्यपुष्पाचा मान दिला. याच इंग्रजी नावाने एक वेलही विकली जाते, नारिंगी फुलांची आणि काळ्या कंठाची. ती आफ्रिकेतली थनबर्जिया. तिचा या कुळाशी काही संबंध नाही. पाकीट घेताना शास्त्रीय नाव वाचून घ्यावे हे उत्तम.

कूळ म्हणाल तर आपल्या ओळखीचेच आहे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, इतकेच काय तर साऱ्या महाराष्ट्राला त्रस्त करणारे गाजरगवत, ही सारी याच गोतातली मंडळी. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो वस्तुतः शेकडो लहान फुलांचा मेळावा असतो. मधला काळा ‘डोळा’ म्हणजे दाटीवाटीने बसलेली नळीसारखी फुले. ती कडेकडून मध्याकडे क्रमाक्रमाने उमलतात, म्हणून एक फूल पुष्कळ दिवस टिकते. आणखी एक गंमत अशी, की मधमाशीला हा डोळा आपल्यापेक्षा मोठा दिसतो. पाकळ्यांच्या बुडाशी अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये असतात, हे अमेरिकेतील आइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दाखवून दिले. आपल्याला सबंध पिवळी दिसणारी पाकळी माशीला अर्धी काळोखी दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वनस्पती दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात, हा सिद्धांत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला. त्यांना हे कोडे घातले ते तंबाखूच्या एका जातीने, आणि योगायोग असा की तिचे नावही ‘मेरीलँड मॅमथ’. शेतात ती नुसतीच उंच वाढे, फुलत नसे. दिवस कृत्रिमरीत्या लहान केला तेव्हा मात्र फुलली. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी दाखविले, की झाड मोजते ते खरे तर दिवस नव्हे, रात्र. सलग अंधार किती तास लाभला, याचा हिशेब पाने ठेवतात.

आपली सुझान मोठ्या दिवसाची वनस्पती आहे. जातीगणिक मर्यादा थोडी बदलते, पण साधारणतः बारा ते चौदा तासांचा दिवस मिळाल्यावाचून ती दांडा उभा करीत नाही. येथे भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशा काढावा. मेरीलँड सुमारे ३९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनमधला मोठ्यात मोठा दिवस पंधरा तासांना जेमतेम कमी. अड्याळ २१ अंशांच्या आसपास. आपला मोठ्यात मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा आणि डिसेंबरातला लहानात लहान सुमारे १० तास ५० मिनिटांचा. पहाट-संध्याकाळचा संधिप्रकाश झाड थोडाफार जमेस धरते हे खरे. तरीही डिसेंबर-जानेवारीत तिच्या दृष्टीने रात्र फारच मोठी. बारा तासांचा टप्पा मार्चमध्ये ओलांडला जातो, एप्रिलअखेर दिवस पावणेतेरा तासांच्या पुढे जातो. म्हणजे बाईसाहेबांना फुलण्याची इच्छा होते ती नेमकी आपल्याकडे ऊन अंग भाजू लागते तेव्हा. पाकिटावरचा उपदेश खोटा नाही. तो दुसऱ्या अक्षांशासाठी लिहिलेला आहे.

हे सारे परदेशी शास्त्र आहे असे कोणी समजू नये. आपल्या भागात हलका, मध्यम, भारी असे धानाचे प्रकार लहान मुलालाही ठाऊक आहेत. जुन्या भारी धानाची रोवणी आठदहा दिवस मागेपुढे झाली तरी लोंबी निसवण्याचा काळ फारसा हलत नाही. असे का? कारण ते धान सुझानच्या उलट स्वभावाचे, लहान दिवसाचे. पावसाळा सरून रात्र वाढू लागली की त्याला इशारा मिळतो. १९६६ साली आलेल्या आय. आर. ८ सारख्या वाणांत ही संवेदना जवळजवळ नाहीशी केलेली होती. म्हणून अशा वाणांचे दिवस पेरणीपासून मोजता येतात. शेवंतीही लहान दिवसाचीच, म्हणून तर ती हिवाळ्यात बहरते. गार्नर-अ‍ॅलार्ड यांनी जे प्रयोगशाळेत पाहिले ते बांधीवरचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला. नाव तेवढे त्याने दिले नाही.

मग अड्याळात सुझान लावूच नये काय? अवश्य लावावी, पण तिची घडी ओळखून. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की कुंडीत किंवा गादीवाफ्यावर बी पेरावे. बी अतिशय बारीक असते आणि उगवताना त्याला उजेड मानवतो, म्हणून मातीत पुरू नये; वर नुसते दाबून झारीने हलके पाणी द्यावे. एक ते तीन आठवड्यांत उगवते. चार-पाच पाने झाली की फूट-सव्वा फूट अंतरावर लावावे. जमीन मोरांड किंवा सिहार असल्यास चिंता नाही. कन्हार असेल तर पाणी धरून ठेवते, तेव्हा वाफा वीतभर उंच करून त्यात वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. खत बेताचेच असावे, कारण खताच्या माजाने पाने वाढतात आणि दांडे लोळतात. पाणी बुडाशी घालावे. पानांवर ओल राहिली आणि रोपे दाटीत असली की ठिपके व भुरी पडते.

रोपाला आठदहा पाने आल्यानंतर, म्हणजे साधारण डिसेंबरात, खरी युक्ती करावयाची. रात्री दहा ते दोन या वेळात रोपांवर हाताच्या अंतरावर पिवळसर उजेडाचा साधा दिवा लावावा. चार तासांच्या या खंडाने एका मोठ्या रात्रीच्या दोन लहान रात्री होतात आणि झाडाला उन्हाळा आल्याचा भास होतो. हे दीडदोन महिने चालवावे. दांडे उभे राहून कळ्या स्पष्ट दिसू लागल्या की दिवा काढला तरी चालेल. याच तत्त्वावर शेवंतीच्या मळ्यांत रात्री दिवे लावून उलट फुले लांबविली जातात. प्रयोग म्हणून करणाऱ्याने दोन कुंड्या अंधारात अवश्य ठेवाव्यात. तुलनेवाचून केलेल्या प्रयोगाला प्रयोग का म्हणावे? अंधारातल्या कुंड्या मात्र खरोखर अंधारात हव्यात. रस्त्याच्या दिव्याखाली ठेवून उपयोग नाही.

ज्याला विजेची यातायात नको त्याने रोपे तशीच राखावीत, मार्चपासून दुपारी तट्ट्याची सावली करावी, बुडाशी तनशीचे आच्छादन घालावे आणि उन्हाळ्यात येतील तेवढ्या फुलांवर समाधान मानावे. सुकलेली फुले खुडत गेल्यास नवी येत राहतात. शेवटची दोन-चार मात्र झाडावरच वाळू द्यावीत. घुमट करडा होऊन कोरडा झाला की चोळून बी काढावे आणि पावसाळी दमटपणा लागणार नाही अशा झाकणाच्या डब्यात ठेवावे.

आणि नुसती शोभाच हवी असेल तर गलांडा आहेच. तोही अमेरिकेचा, याच कुळातला, तसाच मध्यभागी गडद. पण आपल्या दिवसरात्रीशी त्याने केव्हाच जुळवून घेतले आहे आणि महाराष्ट्रातल्या फूलबाजारात तो झेंडूच्या शेजारी बसतो. त्याचे बी पेरताना घड्याळ लागत नाही. माझे मत विचाराल तर एका वाफ्यात गलांडा लावावा आणि शेजारच्या वाफ्यात सुझान, दिव्याखाली.