कामलेचा रुग्ण आणि गावाचे पाणी

एकाच वस्तीतील तीन-चार रुग्ण आठवड्याभरात पीतनेत्रता, पीतमूत्रता, अरुची व हृल्लास ही लक्षणे घेऊन आपल्या चिकित्सालयात आले, तर आपण कामलेचे निदान करून चिकित्सा सुरू करतो. कावीळ झाली की वैद्यांकडे जावे, ही आपल्याकडील जुनी रीत. त्यामुळे साथीची पहिली नोंद पुष्कळदा शासकीय नोंदवहीत नसते. ती आपल्या रुग्णपत्रिकांत असते. म्हणून स्थानिक आरोग्य यंत्रणा पाण्याची राखण कशी करते, हे वैद्यवर्गाने नीट समजून घेतले पाहिजे.

ग्रामीण महाराष्ट्रात पाणी शुद्ध करून देण्याचे दायित्व ग्रामपंचायतीचे आहे. जलसुरक्षक पाण्यात क्लोरीन मिसळतो. आरोग्य कर्मचारी त्याची तपासणी करतात व पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवितात. उद्भव आणि त्याचा परिसर यांचे वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षण होते व जोखमीनुसार ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे किती चिकित्सकांस ठाऊक असेल, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे.

या साखळीतील दुबळा दुवा म्हणजे ब्लीचिंग पावडर, अर्थात टीसीएल. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. ऊन, ओल व हवा लागल्यास तो झपाट्याने घटतो. पोते उघडे ठेवून सहा महिने वापरणे म्हणजे पाण्यात केवळ चुना मिसळणे होय. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर असल्यास पाणी सुमारे ३७,७०० लिटर भरते. पाणी स्वच्छ आणि पावडर उत्तम असेल, तर हजार लिटरला २.५ ग्रॅम या मानाने सुमारे ९४ ग्रॅम पावडर लागते. पावडरीचे सत्त्व निम्मे झाले असेल तर मात्रा दुप्पट करावी लागते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे द्रावण विहिरीत सोडावे व तासभर पाणी उपसू नये.

मात्रा पुरली किंवा नाही, हे ओटी चाचणी सांगते. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकताच पाणी पिवळे झाले, तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानक १०५०० नुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. चाचणी टाकीजवळ करून भागत नाही. नळयोजनेच्या शेवटच्या टोकाला करावी, कारण गळक्या जलवाहिनीतून गटाराचे पाणी शिरते ते वाटेतच.

तरीही पिवळा रंग म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेतील सांडपाणी वझिराबाद येथील जलकेंद्रात शिरले. क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. विषमज्वर व अतिसार वाढले नाहीत, परंतु सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुढे ती हिपॅटायटिस ई ची साथ असल्याचे निष्पन्न झाले. आपल्या राज्यात २०१२ मध्ये इचलकरंजीने हीच व्याधी भोगली. या विषाणूचा संचयकाल दोन ते दहा आठवडे असतो. अर्थात रुग्ण पिवळा होतो तेव्हा दूषित पाणी कधीच वाहून गेलेले असते, आणि आजची ओटी चाचणी मागील महिन्याविषयी काहीही सांगत नाही. म्हणून रुग्णपत्रिकेत लक्षणारंभाचा दिनांक, राहण्याची गल्ली व पाण्याचा उद्भव अवश्य लिहावा आणि समान रुग्ण दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस त्याच दिवशी कळवावे. गर्भिणी असल्यास तिला त्वरित रुग्णालयात पाठवावे. शेवटच्या तिमाहीत या व्याधीचा मृत्युदर २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. येथे आपल्या पथ्यापथ्याचा अभिमान आड येऊ देऊ नये.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४५ व्या अध्यायात गढूळ पाणी निवळण्यासाठी कतकादी द्रव्ये सांगितली आहेत. निवळणे म्हणजे निर्जंतुक होणे नव्हे. मात्र गढूळपणा क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून आधी प्रसादन व मग क्लोरीन हा क्रम आजही योग्यच ठरतो.

एक मुद्दा खास आपल्या व्यवसायाचा. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा मृत्यू नेग्लेरिया फाउलेरी या अमिबामुळे झाला. हा अमिबा पोटात गेल्यास अपाय करीत नाही. नाकातून मात्र तो मेंदूपर्यंत पोहोचतो. कोमट साचलेले पाणी व क्लोरीन न राखलेले जलतरण तलाव ही त्याची आवडती ठिकाणे. तलावात लिटरमागे १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन व सामू ७.४ ते ७.८ असणे अपेक्षित आहे. जलनेतीसाठी पाणी खळखळून उकळून झाकून निववलेलेच घ्यावे; ते नुसते गाळलेले अथवा कोमट केलेले चालत नाही. नेतीपात्र विकणाऱ्या औषधालयांनी ही सूचना मराठीत छापून प्रत्येक पात्रासोबत द्यावी, आणि पात्र वापरानंतर त्याच उकळलेल्या पाण्याने धुऊन कोरडे करण्याची ओळही त्यात घालावी.