दिघीच्या धक्क्यावरील रांग

दिघीच्या धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे राजपुरी खाडीच्या पैलतीरीं आगरदांडा दिसतो. फेरीबोट तेथें नेते; ती न मिळाल्यास खाडीला भला मोठा वळसा घालावा लागतो. म्हणून धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, आणि तींत कधीं परीक्षेस निघालेला विद्यार्थी असतो, कधीं एखादा रोगीही. ही रांग क्वचित् एखादे दिवशीं अतोनात कां वाढते, हें आज आपण गणितास विचारूं.

रांगांच्या गणिताचा पाया डेन्मार्कमधील एर्लांग ह्यांनीं घातला. टेलिफोनच्या संभाषणांसंबंधीं त्यांचा निबंध १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें मागणी आकस्मिक होती, पण यंत्र स्थिर होतें. धक्क्यावर मात्र वारा सुटला कीं बोटीचीही शाश्वती नाहीं.

उदाहरणादाखल आंकडे कल्पूं. तासाला १० गाड्या येतात. समुद्र शांत असतां बोट तासांत २० गाड्या नेऊं शकते. खवळल्यास एकही नाहीं. दहांत सरासरी एक तास वाईट. म्हणजे बोटीची सरासरी शक्ति तासाला १८ गाड्यांची झाली, मग काळजी कसली? परंतु लागोपाठ चार तास वाईट गेले, तर रिकाम्या धक्क्यावर ४० गाड्या सांचतात. प्रत्येक तास मागील तासापासून स्वतंत्र मानल्यास ह्याचा संभव १/१०,००० येतो.

समुद्र इतका विसराळू नाहीं. वाईट तासानंतरचा तासही वाईट असण्याचा संभव १/२ धरूं. (शांत तासानंतर वाईट तास येण्याचा संभव १/१८ ठेवला, म्हणजे एकंदर प्रमाण दहांत एक हेंच राहतें, विद्यार्थ्यांनीं ताडून पाहावें.) आतां तोच संभव १/१० × १/२ × १/२ × १/२, म्हणजे १/८० झाला. वाईट तास तितकेच. संकट मात्र सव्वाशें पट संभवनीय! आम्हांसही हें प्रथम खरें वाटेना.

विरळ घटनांच्या ह्या शास्त्रास मद्रास येथें १९४० सालीं जन्मलेले श्रीनिवास वरधन ह्यांनीं व्यापक रूप दिलें, व २००७ सालीं त्यांस आबेल पारितोषिक मिळालें. विरळ घटना घडते तेव्हां ती बहुधा त्यांतल्या त्यांत सुलभ मार्गानें घडते, अशी ह्या शास्त्राची दृष्टि आहे. आमच्या उदाहरणांत तो मार्ग म्हणजे वाऱ्याचें टिकून राहणें.

मग बोट दुप्पट मोठी केली तर? चार वाईट तासांनंतर रांग ४० गाड्यांचीच असेल, कारण मोठी बोटही धक्क्यासच बांधलेली राहणार. लाभ दिसेल तो वारा पडल्यावर. नव्या गाड्या येतच असतां, पुढें समुद्र शांत राहिल्यास लहान बोटीस ती रांग संपविण्यास ४ तास लागतील. मोठीस १ तास २० मिनिटें.