इंजिनाची तक्रार

वाहन रस्त्यात बंद पडण्यापूर्वी त्याचे इंजिन पुष्कळदा आवाज करून सूचना देते. ही सूचना वेळीच ओळखली, तर मोठे नुकसान टळते. इंजिनातून येणाऱ्या टिकटिक आवाजावरून दोष कसा शोधावा, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण मालेगाव किंवा भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात राहत असतील. तिथे दिवसभर मागांचा खडखडाट चालू असतो. नवख्या माणसाला त्या गोंगाटात काहीच उमजत नाही. पण मागावर काम करणाऱ्या कारागिराचे तसे नसते. आपल्या मागाचा आवाज जरासा बदलला, तरी तो चटकन वळून पाहतो. त्याचे कान अनुभवाने शिकलेले असतात. वाहनाच्या इंजिनाचेही असेच आहे. त्याचा आवाज ऐकायला शिकावे लागते.

समजा, तुमच्या शेजारचे एक चाचा रिक्षा चालवतात. काही दिवसांपासून सकाळी रिक्षा सुरू केली, की घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. रिक्षा चालते, भाडीही मिळतात. म्हणून चाचा म्हणतात, "चालतेय ना, मग चालू दे!" पण चाचांचे सारे घर त्या रिक्षावर चालते. दोष किरकोळ असेल, तर तासाभरात दुरुस्त होईल. दोष गंभीर असेल आणि त्याकडे दुर्लक्ष झाले, तर इंजिन जाम होईल. मग रिक्षा कित्येक दिवस उभी राहील. कमाई बंद आणि खर्च मात्र मोठा! यांपैकी काय खरे आहे, हे कसे ओळखायचे?

चांगला मिस्त्री हातात पाना घेण्याआधी प्रश्न विचारतो. आवाज केव्हा येतो? इंजिन थंड असताना की तापल्यावर? चढावर तो वाढतो का? हकीमसाहेब औषध देण्यापूर्वी रोग्याची नाडी पाहतात आणि विचारपूस करतात, तसेच हे आहे.

पहिला प्रश्न असा, की आवाज खरोखर इंजिनाचा आहे का? पुष्कळदा टायरच्या खाचेत खडा किंवा खिळा अडकतो. चाक फिरले, की तो रस्त्यावर आपटतो आणि टिकटिक होते. हे ओळखणे सोपे आहे. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू करावे. आवाज आला नाही, पण गाडी चालू लागताच आला, तर आधी चाके पाहावीत. गाडी उभी असतानाही आवाज आला आणि इंजिनाचा वेग वाढवताच टिकटिक जलद झाली, तर दोष इंजिनाकडे शोधावा.

दुसरी गोष्ट इंजिन ऑइलची. हे ऑइल इंजिनाच्या फिरणाऱ्या भागांमध्ये पातळ थर होऊन राहते. त्यामुळे धातूवर धातू घासत नाही. ऑइल कमी झाले, की सुटे भाग आवाज करू लागतात. म्हणून टिकटिक ऐकू आली, की सर्वांत आधी ऑइल पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे आणि काही मिनिटे थांबावे. ऑइल मोजण्याची पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसावी, पुन्हा आत घालून काढावी. ऑइल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. खालच्या खुणेपेक्षा कमी असेल, तर गाडी चालवू नये. आधी योग्य ऑइल भरावे. ते कमी का झाले, हेही शोधावे. या तपासणीला पैसा लागत नाही, पण तिच्यामुळे इंजिन वाचते. गाडीत ऑइलच्या दाबाचा लाल दिवा असेल आणि तो चालताना लागला, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

ऑइल ठीक असेल, तर पुढे आवाजाची जागा शोधावी. याची एक जुनी युक्ती आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची घट्ट नळी करून तिच्यातून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले. त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप तयार झाला. आपला मिस्त्री हेच काम लांब पेचकसाने करतो. पेचकसाचे टोक तो इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर टेकवतो आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावतो. घन पदार्थातून आवाज चांगला पोहोचतो. त्यामुळे आवाज वरून येतो, खालून येतो की सिलेन्सरच्या बाजूने येतो, ते कळते.

आवाज इंजिनाच्या वरच्या भागातून येत असेल, तर बहुधा टॅपेट सैल झालेले असते. इंजिनात हवा व इंधन आत येण्यासाठी आणि धूर बाहेर जाण्यासाठी झडपा असतात. रॉकर नावाचा धातूचा भाग त्या झडपा दाबून उघडतो. पुष्कळ इंजिनांत रॉकर आणि झडप यांच्यामध्ये मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते, कारण धातू तापला की प्रसरण पावतो. लहान इंजिनात ही फट जवळजवळ केसाच्या जाडीएवढी असते. ती वाढली, की रॉकर झडपेवर आपटतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते. म्हणजे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या करत असेल, तर एक सैल टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजते! मिस्त्री फिलर गेज नावाच्या पातळ पट्ट्यांनी ही फट मोजतो आणि कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे ठेवतो. यालाच 'टॅपेट सेट करणे' म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. काही लोक आवाज मुळीच येऊ नये म्हणून टॅपेट फार घट्ट करायला सांगतात. आवाज बंद होतो, मालक खूश होतो. पण आता झडप पूर्ण मिटत नाही. तिच्या कडेने आगीसारखा गरम वायू निसटतो, इंजिनाची ताकद कमी होते आणि झडप हळूहळू जळते. सैल टॅपेट ओरडून सांगते. घट्ट टॅपेट गप्प राहून नुकसान करते.

आवाज सिलेन्सरच्या नळीच्या जोडाजवळून येत असेल, तर तिथली गॅस्केट खराब झालेली असू शकते. बारीक फटीतून धूर झटक्याझटक्याने बाहेर पडतो आणि टिकटिक होते. हा आवाज थंड इंजिनात जास्त येतो. इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावतो, फट बुजते आणि आवाज कमी होतो. जोडाजवळ काळी काजळी दिसली, तर संशय पक्का होतो.

आवाज खालून येत असेल आणि टिकटिक नसून जड ठकठक असेल, तर मात्र सावध व्हावे. कसाऱ्याच्या घाटासारख्या चढावर इंजिनावर भार पडताच ही ठकठक वाढते. अशा वेळी आतले बेअरिंग झिजलेले असण्याची शक्यता असते. गाडी तशीच पुढे दामटू नये, ओढून गॅरेजमध्ये न्यावी.

प्रत्येक टिकटिक म्हणजे बिघाड, असेही नाही. आजच्या पुष्कळ गाड्यांत इंधन फवारणारे इंजेक्टर असतात. ते काम करताना हलकी टिकटिक करतात. लांबच्या प्रवासाहून आलेली गाडी बंद केली, की सिलेन्सर थंड होताना आकुंचन पावतो आणि टिक्‌ टिक्‌ असा आवाज येतो. हे आवाज नेहमीचे आहेत. नेहमीचा आवाज ठाऊक असेल, तरच बदललेला आवाज ओळखता येतो.

मित्रांनो, आता भाषेचे काम सुरू होते. मिस्त्रीकडे जाऊन "गाडीतून आवाज येतो" एवढेच सांगितले, तर त्याला काय कळणार? मराठीत प्रत्येक आवाजाला वेगळा शब्द आहे. हलका, टोकदार आवाज म्हणजे टिकटिक. जड आवाज म्हणजे ठकठक. सैल पत्रा खडखडतो, कोरडी बिजागरी कुरकुरते, खराब रेडिओ खरखरतो. "सकाळी थंड इंजिनात वरच्या बाजूने टिकटिक येते, दहा मिनिटांनी कमी होते," असे सांगितले, की निम्मे काम झाले. योग्य शब्द सापडला, की मिस्त्रीला योग्य जागा सापडते.

आवाज ऐकताना काळजीही घ्यावी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, म्हणून तो अधिक घातक ठरतो. ओढणी, सैल बाही, रुमाल फिरणाऱ्या पट्ट्यापासून दूर ठेवावे. मोठ्या माणसांशिवाय हे काम करू नये.

आता चाचांना काय सांगाल? आवाज ऐकून घाबरू नये आणि तो न ऐकल्यासारखेही करू नये. आधी सोपी, बिनखर्चाची तपासणी करावी आणि एकेक कारण बाजूला सारत पुढे जावे. आवाज दाबणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आवाजाचे कारण दूर करणे, हीच खरी दुरुस्ती.

शब्दार्थ
नवखा – नवीन, अनुभव नसलेला
उमजणे – समजणे
किरकोळ – लहानसा, मामुली
खाच – लांबट, अरुंद खळगा
झडप – उघडणारा व मिटणारा पडदा, व्हॉल्व्ह
प्रसरण पावणे – फुगणे, आकाराने वाढणे
आकुंचन पावणे – आकाराने कमी होणे
काजळी – धुराचा काळा थर
दामटणे – जबरदस्तीने पुढे नेणे
घातक – जीवाला धोका करणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टिकटिक ऐकू आल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?
(आ) रने लेनेक यांनी रोग्याच्या छातीचे ठोके कशातून ऐकले?
(इ) फिलर गेज कशासाठी वापरतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) रॉकर आणि झडप यांच्यामध्ये फट ठेवतात.
(आ) सिलेन्सरच्या जोडाजवळची टिकटिक इंजिन तापल्यावर कमी होते.
(इ) बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आवाज चाकाचा आहे की इंजिनाचा, हे कसे ओळखाल?
(आ) "घट्ट टॅपेट गप्प राहून नुकसान करते." या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा. माणसांच्या बाबतीतही असे घडते का? तुमचे मत लिहा.

भाषाभ्यास
(अ) टिकटिक, ठकठक, खडखड यांसारख्या शब्दांत एकच ध्वनी पुन्हा येतो. असे आणखी पाच शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.
(आ) आवाज, इलाज, कारखाना हे शब्द उर्दूत व मराठीत सारख्याच अर्थाने वापरतात. 'तक्रार' या शब्दाचा अर्थ मात्र दोन्ही भाषांत थोडा वेगळा आहे. तो वर्गात सांगा.

उपक्रम
जवळच्या गॅरेजमधील मिस्त्रींना भेटा. आवाजावरून दोष ओळखल्याचा त्यांचा एक अनुभव विचारा आणि तो दहा ओळींत मराठीत लिहा.