संक्रांतीला आत, पाडव्याला बाहेर

भाचेबाई, इलिनॉयच्या नव्या घराच्या मागे प्रेअरी, म्हणजे इथलं मूळचं गवताळ रान, लावायची म्हणालीस, म्हणून त्यातल्या सेजबद्दल लिहूनच देते. फोनवर सांगितलं की तू ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस आणि नेमकं नको तिथे पाणी घालतेस.

सेजला गवत समजू नकोस. दिसते गवतासारखी, पण कूळ वेगळं. दिवाळीच्या उटण्यात आपण नागरमोथा घालतो ना, त्याच्या भावकीतली ही. दांडा चिमटीत धरून फिरवून बघ. गवताचा गरगर फिरतो, सेजचा अडकतो. तीन कडा बोटाला लागतात. आणि हिचं वेळापत्रकही उलटं. बिग ब्लूस्टेमसारखी प्रेअरीची उंच गवतं ऊन तापलं की वाढतात. ही एप्रिलच्या गारठ्यात उठते, मे महिन्यात फुलते आणि जून-जुलैत बी पिकवून मोकळी होते. मग भर उन्हाळ्यात मरगळते. तेव्हा घाबरून खत टाकू नकोस. खत कधीच टाकू नकोस, त्यावर तणच माजतं. सप्टेंबरात ती आपोआप हिरवी होते.

तुझ्या अंगणात ऊन भरपूर आहे, तिथे बिकनेल्स सेज लाव. ठोंबा करून राहते, पसरत नाही, गुडघ्याच्या वर जाते. ओक झाडाखाली पेनसिल्व्हेनिया सेज. छपराचं पाणी पडतं त्या दलदलीत फॉक्स सेज. ती इतकी सहज उगवते की तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. दुकानात नुसतं ‘केरेक्स’ मागितलंस तर जपानची नाहीतर न्यूझीलंडची शोभेची कुंडी हातात देतील. पूर्ण लॅटिन नाव सांग, केरेक्स बिकनेलिआय, आणि बी शक्यतो इलिनॉयचंच घे.

आता बियाची गोष्ट. पहिल्या वर्षी मी मेथी पेरावी तसं पेरलं, वर बोटभर माती. जूनपर्यंत रोज पाणी, आणि उगवलं काय, तर शेजाऱ्याची डँडेलियन. चुका दोन होत्या. या बियाला आधी थंडी लागते, आणि उगवताना उजेड लागतो. म्हणून संक्रांतीला ओल्या वाळूत कालवून झिपच्या पिशवीत फ्रीजमध्ये ठेव आणि पाडव्याला बाहेर काढ. साठ दिवस हवेत, पाडवा कधीही येवो, तेवढे भरतात. वाळू मुठीत दाबली तर पाणी गळता कामा नये. पिशवीवर नाव लिही. तुझ्या काकांनी एकदा भिजवलेला रवा समजून उपम्याची तयारी केली होती. मग ट्रेमध्ये पसर, तळव्याने हलकं दाब, वर माती घालू नकोस. पाणी फवाऱ्यानेच दे. मेच्या मध्यापर्यंत रोप बाहेर नको, तोवर दहिवराचं काही खरं नसतं.

एवढा खटाटोप नको असेल तर दिवाळी उरकली की उघड्या, मोकळ्या केलेल्या मातीवर बी भुरभुरव आणि पायाने दाबून विसरून जा. पुढचं काम बर्फ करतो.

बी स्वतःचं धरायचं असेल तर जूनच्या शेवटापासून रोज कणसाजवळ जा. बिकनेल्सचं एकेक बी चपट्या पारदर्शक पिशवीत असतं, उजेडात धरलं की मधला दाणा दिसतो. वावळ्याची पापडी आठव, तसंच, फक्त तिळाएवढं. रंग तपकिरी झाला आणि बोट फिरवल्यावर पिशव्या तळहातावर उतरल्या की पिकलं. हिरवं ओरबाडू नकोस.

तण काढताना मात्र माझी चिमटीची खूण फसवेल. यलो नटसेज हे इथलं चिवट तण, तेही तीन कडांचं, तेही सेजच्याच कुळातलं. ते ओळखायचं तारखेवरून. बाकीच्या सेजी जुलैत मरगळलेल्या असताना जे पिवळसर, चकचकीत पातं तरारून वर येतं, ते नटसेज. नुसतं उपटलंस तर खालची गाठ राहते आणि पुन्हा फुटते. गाठीसकट खण.

मार्चअखेर, नवे कोंब दिसायच्या आत, जुनी पाती चार बोटं ठेवून काप. उशीर केलास तर कोंबच छाटले जातील. प्रेअरीला आग लावतात हे खरं, पण अंगणात ते नको; परवानगीचं लचांड असतं आणि शेजारी फोन करतात. शेजाऱ्यांवरून आठवलं, कडेने फूटभर पट्टा लॉनसारखा कापलेला ठेव. आमच्याकडे एकदा ‘गवत वाढलंय’ म्हणून नोटीस आली होती. पट्टा कापल्यापासून तेच लोक फोटो काढतात.

एकदा लाइलला मॉर्टन आर्बोरेटममध्ये शुलेनबर्ग प्रेअरी बघून ये. 1962 पासून लावत आणलेली आहे ती. इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात, पण मूळ प्रेअरी हजारात एक भागसुद्धा उरलेली नाही. तिथे मे महिन्यात जा, उंच गवतं वर यायच्या आत, म्हणजे सेज दिसेल. बी तोडू नकोस.

पेनसिल्व्हेनिया सेजचं बी मात्र मागवू नकोस, ते फार नखरे करतं. एप्रिलमध्ये माझ्याकडे ये, खुरपं घेऊन. माझ्या ओकखालचा गालिचा खणून मुळांसकट तुकडे करून देते. वीतभर अंतरावर लाव, पहिला उन्हाळा आठवड्याला एकदा पाणी दे. खोकी आणू नकोस, दह्याचे रिकामे डबे मी धुऊन ठेवलेत.