अवर्षण आणि रब्बीची ओल

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक वृष्टी होते आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व अंगास असलेल्या माण तालुक्याच्या वाट्यास तिचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. कारण नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे आपला बहुतेक बाष्पभार सह्याद्रीच्या माथ्यावर रिता करून मगच या पठारावर उतरतात. म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यातील शेतकऱ्याने अवर्षण हा येथल्या भूमीचा स्वभावच आहे असे धरून आपल्या हंगामाची तजवीज करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही आपत्ती पावलापावलाने येते. प्रथम पावसात खंड पडतो, मग जमिनीची ओल उडते, त्यानंतर विहिरींचा तळ दिसू लागतो आणि शेवटी दावणीची वैरण व घरचे पाणी सरते. 1972 सालच्या दुष्काळात धान्य आणि चारा दुर्मीळ झाला, तरी विहिरींना पाणी होते, असे जुनी माणसे सांगतात. आजच्याइतक्या खोल विंधनविहिरी तेव्हा नव्हत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे हल्ली पिण्याच्या पाण्याचे टँकर इतक्या लवकर का मागवावे लागतात, याचा उलगडा होतो.

शेतकऱ्याच्या हाती खरा उपाय आहे तो ओल उडण्याच्या पायरीवर. रब्बी ज्वारीची पेरणी साधारणतः सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. तिच्या आधी रानात दोन-तीन ठिकाणी कुदळीने फूटभर खणावे आणि तळची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा वळला आणि टिकला, तर पेरणीस हरकत नाही. परंतु वरचा थर ओला व खालचा भुरभुरीत निघाला, तर शेजाऱ्याची पाभर चालू झाली म्हणून आपलीही जुंपण्याचा मोह आवरावा व हस्ताच्या पावसाची वाट पाहावी. वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडावा: फूटभराच्या हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1, भारी काळ्या रानात फुले वसुधा.

उगवणीनंतरची कोळपणी केवळ तणासाठी असते असे समजणारे बरेच आहेत. वस्तुतः काळी जमीन सुकताना भेगाळते आणि त्या भेगांवाटे खालच्या थरांतील ओल वाऱ्यावर जाते. अशी केवळ 10 मिलिमीटर ओल गेली, तरी हेक्टरी एक लाख लिटर पाणी गेले असा हिशेब होतो, आणि कोरडवाहू शेतकऱ्यास ते कोणत्याही टँकरने परत आणता येत नाही. यास्तव पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि तिसरी, भेगा पडू लागतात त्या सुमारास, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करावी. त्यायोगे माती मोकळी होऊन भेगा बुजतात. तिसरी कोळपणी खर्चाच्या भीतीने टाळली जाते, याचे आम्हांस फार वाईट वाटते, कारण कणीस निसवण्याच्या ऐन वेळी पिकाला आधार तिचाच असतो.

वैरणीविषयी एक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी, विशेषतः पावसाच्या सरीनंतर फुटलेले तिचे धुमारे, जनावरांना घातल्यास किराळ लागून ती घटकाभरात दगावू शकतात. सबब फुलोऱ्यापूर्वीची हिरवी ज्वारी भुकेल्या जनावरापुढे टाकू नये, आणि जनावर थरथरू लागल्यास विलंब न लावता पशुवैद्यास बोलवावे.

पीक हातचे जात आहे असे दिसले, तरी सातबाऱ्यावरील पीकपाहणीची नोंद मुदतीत करून घेण्यात कसूर करू नये. कारण पुढे नुकसानीचे पंचनामे होतात, तेव्हा ज्याच्या रानातील पीक दप्तरी दाखल नाही, त्यास आपला दावा शाबीत करणे फार जड जाते.